पडद्यावरील पूर्ण पानाची नक्कल



प्राथमिक शाळेचे दप्तर ही गावाची स्मृती होय. दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीवर पन्नास-साठ वर्षांनंतरही एखाद्याच्या जन्मतारखेचा किंवा जातीच्या दाखल्याचा निर्णय अवलंबून असतो, ही गोष्ट खेड्यातील प्रत्येक मुख्याध्यापकास अनुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच त्या रजिस्टरात खाडाखोड होऊ नये, पान फाटू नये, वाळवी लागू नये, यासाठी तो जिवापाड जपत असतो.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या वेळी शाळेचे सर्व दप्तर कागदावर होते. आज त्याचा बराच मोठा भाग संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून राज्याच्या 'सरल' प्रणालीत भरली जाऊ लागली. शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी या तिघांचीही माहिती केंद्र शासनाच्या 'यू-डायस प्लस' प्रणालीत जाते. तेथे प्रत्येक शाळेस ११ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक २७ हे महाराष्ट्राचे आणि पुढील दोन अंक १४ हे यवतमाळ जिल्ह्याचे. उमरखेडपासून वणीपर्यंत आणि नेरपासून झरी जामणीपर्यंत, सोळाही तालुक्यांतील शाळा २७१४ या चार अंकांनी ओळखल्या जातात.

दप्तर पडद्यावर गेले, तरी ते जपण्याची शिक्षकाची जबाबदारी संपलेली नाही. मात्र जपण्याची रीत बदलली आहे. पडद्यावरील पूर्ण पानाची नक्कल, म्हणजे ज्यास व्यवहारात 'फुल पेज स्क्रीनशॉट' म्हणतात, ती कशी घ्यावी, कोठे ती अपुरी पडते आणि ती घेतल्यावर कोणते पथ्य पाळावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

नकलेची गरज

कागदावरील पान स्थिर असते. काल लिहिलेली ओळ आज तशीच सापडते. पडद्यावरील पान मात्र वाहत्या पाण्यासारखे आहे. सकाळी पाहिलेले पान सायंकाळी तसेच दिसेल, याची शाश्वती नसते. माहिती दुरुस्त होते, प्रणालीची रचना बदलते, मुदत संपली की एखादा तक्ता बंद होतो. 'माहिती यशस्वीरीत्या जतन झाली' हे वाक्य क्षणभर झळकते आणि निघून जाते. पुढे महिन्याभराने 'आपल्या शाळेची माहिती अपूर्ण आहे' अशी विचारणा झाली, तर शिक्षकाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज काहीच उरत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पुसद, दिग्रस, महागाव या भागांतील अनेक तांड्यांवरील कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करतात. मूल दुसऱ्या गावी शाळेत दाखल झाले की नवी शाळा पडद्यावरूनच जुन्या शाळेकडे त्याच्या नोंदीची मागणी करते आणि जुन्या शाळेने ती मान्य करावयाची असते. मागणी कोणत्या दिवशी झाली, ती कोणत्या टप्प्यावर थांबली, हे दाखविणारे पान त्या दिवशी जपून ठेवले नाही, तर मूल वर्गात बसलेले असूनही पटावर कोठेच नाही, असा प्रसंग उद्भवू शकतो.

याचे मोल किती? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांस तीन शिक्षक, असे प्रमाण दिले आहे. पदनिश्चितीचे प्रत्यक्ष निकष राज्याच्या आदेशांनी वेळोवेळी ठरतात. तथापि साठावे आणि एकसष्टावे मूल यांच्यातील अंतर किती मोठे असू शकते, हे या आकड्यांवरून उमगते. संचमान्यतेत ३० सप्टेंबरच्या पटसंख्येस जे महत्त्व आहे, ते शिक्षकवर्गास निराळे सांगावयास नको.

नकलेचे महत्त्व विदर्भाच्या भूमीस नवे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्याची मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा लिहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणूनच त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आढळतात. मूळ नाहीसे झाल्यावर स्मरणावर विसंबावे लागते, आणि स्मरणास पाठभेद असतात. शाळेच्या दप्तराचीही गोष्ट याहून वेगळी नाही.

पडद्यावरील पान म्हणजे काय?

'वर्ल्ड वाइड वेब' या माहितीच्या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत मांडली. या जाळ्यातील पान तयार स्वरूपात कोठेही ठेवलेले नसते. दूरच्या संगणकाकडून मजकूर, चित्रे आणि मांडणीच्या सूचना येतात. शाळेतील संगणकावरचा ब्राउझर त्या सूचना वाचून पान तेथल्या तेथे रचतो. रुंद पडद्यावर तेच पान पसरट दिसते आणि मोबाईलवर अरुंद व लांबलचक होते, याचे कारण हेच.

असे पान बहुधा पडद्याहून लांब असते. खिडकीतून शेत पाहावे, त्याप्रमाणे पडद्यावर त्याचा एक भाग तेवढा दिसतो. कळफलकावरील 'प्रिंट स्क्रीन' ही कळ दाबली की खिडकीतून दिसणाऱ्या भागाचेच चित्र निघते. चाळीस मुलांच्या यादीतील बारा मुले त्यात येतात, अठ्ठावीस बाहेर राहतात. पूर्ण पानाची नक्कल घेताना मात्र ब्राउझर स्वतःच पान आरंभापासून शेवटापर्यंत रचून त्याचे एकसंध चित्र काढतो. हे काम ब्राउझरचे असल्यामुळे प्रत्येक ब्राउझरमध्ये त्याची रीत निराळी आहे.

निरनिराळ्या ब्राउझरांतील रीती

फायरफॉक्स. पूर्ण पानाची नक्कल घेण्याची सोय या ब्राउझरने २०१७ मध्ये सर्वांस उपलब्ध करून दिली. पानाच्या रिकाम्या जागी माउसची उजवी कळ दाबावी आणि 'टेक स्क्रीनशॉट' हा पर्याय निवडावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबूनही हेच साधते. त्यानंतर 'सेव्ह फुल पेज' निवडून 'डाउनलोड' करावे. नवख्या शिक्षकास ही रीत सर्वांत सुलभ वाटेल.

एज. विंडोज असलेल्या नव्या संगणकांवर हा ब्राउझर आधीपासूनच असतो, त्यामुळे निराळे काही बसवावे लागत नाही. येथेही कंट्रोल, शिफ्ट आणि एस याच कळा आहेत. वर एक लहान पट्टी उघडते. तीत 'कॅप्चर फुल पेज' निवडावे आणि मग जतन करण्याच्या चिन्हावर कळ दाबावी.

क्रोम. सर्वाधिक वापरात असलेल्या या ब्राउझरमध्ये मात्र ही सोय आडबाजूला ठेवलेली आहे. प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि आय या कळा दाबाव्यात. पडद्याच्या कडेस संगणक-तज्ज्ञांसाठी असलेला एक विभाग उघडतो. त्यातील अगम्य ओळी पाहून घाबरण्याचे कारण नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा दाबाव्यात. जी चौकट उघडते, तीत इंग्रजी अक्षरांत 'स्क्रीनशॉट' हा शब्द टंकावा. खाली येणाऱ्या यादीतून 'कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट' निवडले की चित्र आपोआप 'डाउनलोड्स' या कप्प्यात जाऊन बसते. दोन-तीनदा केल्यावर हात सरावतो. त्या विभागातील इतर कशासही हात न लावता तो बंद करावा.

नक्कल घेण्यासाठी बाहेरची जोड-साधनेही मिळतात. तथापि असे साधन बसविताना ते बहुधा 'सर्व पाने वाचण्याची' परवानगी मागते. ज्या ब्राउझरमधून विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची, त्यास परक्या साधनाचा डोळा लावून ठेवणे योग्य नव्हे. ब्राउझरमध्ये असलेली सोय पुरेशी आहे.

मोबाईल. बहुसंख्य शिक्षकांचे काम मोबाईलवर चालते. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, लांब पानाचे चित्र घेण्याची सोय त्या प्रणालीतच आली. काही कंपन्यांच्या फोनांत ती त्याहूनही आधीपासून होती. नेहमीप्रमाणे पडद्याचे चित्र घ्यावे. खाली 'कॅप्चर मोअर', 'स्क्रोल' किंवा दुहेरी बाणाचे चिन्ह येते. ते दाबून पान खाली न्यावे. आयफोनवर २०१९ पासून चित्र घेतल्यावर त्याच्या लहान प्रतिमेस स्पर्श करून 'फुल पेज' निवडता येते.

नक्कल अपुरी कोठे राहते?

चित्र निघाले म्हणजे नक्कल पूर्ण झाली, असे मानू नये. नेहमी आढळणाऱ्या उणिवा पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली उणीव अशी की, काही पाने खाली सरकविल्याखेरीज आपला पुढील भाग मागवीतच नाहीत. जेथे इंटरनेटची गती मंद असते, तेथे हा भाग अधिकच रेंगाळतो. यास्तव नक्कल घेण्यापूर्वी पान एकदा शेवटपर्यंत सरकवावे, सर्व भाग उमटला असल्याची खात्री करावी, पुन्हा वर यावे आणि मगच कळ दाबावी.

दुसरी उणीव तक्त्यांसंबंधी आहे. पुष्कळदा पान लहान असते. मात्र त्याच्या पोटात एक चौकट असते आणि त्या चौकटीस स्वतःची निराळी सरकपट्टी असते. ब्राउझर पूर्ण पान घेतो, पण चौकटीच्या आत दडलेल्या ओळी घेत नाही. अशा वेळी कंट्रोल आणि वजाबाकीचे चिन्ह या कळांनी पान लहान करून पाहावे. तेवढ्यानेही सर्व ओळी न दिसल्यास चौकटीतील भाग एकामागून एक सरकवून अनेक चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्रात मागील चित्राची शेवटची ओळ येऊ द्यावी. त्यायोगे मधली एकही ओळ सुटली नाही, हे पाहणाऱ्यास कळते.

तिसरी उणीव यादीच्या पानांची. पटावरील नावे दहा-दहा करून निरनिराळ्या पानांवर दाखविली जात असल्यास एका नकलेत दहाच नावे येणार. एका पानावर किती ओळी दिसाव्यात, हे निवडण्याची सोय असेल तर तेथे मोठा आकडा निवडावा. नसेल तर प्रत्येक पानाची स्वतंत्र नक्कल घ्यावी.

नक्कल घेतल्यावर लगेच ती उघडून पाहावी. पहिले नाव, शेवटचे नाव आणि एकूण संख्या या तीन गोष्टी ताडून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. जुने कारकून नकलेखाली 'अस्सलाबरहुकूम' असे लिहीत, ते ताडून पाहिल्यानंतरच.

स्थळ आणि काळ

आता सर्वांत महत्त्वाची बाब. ब्राउझरने काढलेल्या पूर्ण पानाच्या चित्रात पान पूर्ण येते. परंतु वरच्या पट्टीतील संकेतस्थळाचा पत्ता आणि पडद्याच्या कोपऱ्यातील दिनांक व वेळ मात्र येत नाहीत. पान कोठले आणि कोणत्या दिवसाचे, हे ते चित्र स्वतः सांगत नाही. आवक क्रमांक आणि दिनांक नसलेल्या पत्रासारखी त्याची स्थिती होते.

यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे 'प्रिंट स्क्रीन' कळेने संपूर्ण पडद्याचे आणखी एक चित्र घेणे. त्यात पान अर्धवट येईल, पण पत्ता व वेळ येतील. दोन्ही चित्रे एकत्र ठेवावीत. दुसरा उपाय छपाईचा. कंट्रोल आणि पी या कळा दाबून छापण्याऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडावे आणि अधिक पर्यायांत 'हेडर्स अँड फूटर्स' समोर खूण करावी. प्रत्येक पानाच्या कडेस दिनांक आणि पत्ता आपोआप उमटतो. छपाईसाठी काही संकेतस्थळे पानाची मांडणी बदलतात व एखादा भाग गाळतात. म्हणून पीडीएफ ही चित्राच्या जोडीस ठेवावी, त्याच्या जागी नव्हे.

जेथे प्रणाली स्वतःच पोचपावती, अहवाल किंवा पीडीएफ देते, तेथे ती प्रथम घ्यावी. शासन निर्णयासारखा दस्तऐवज मुळातच पीडीएफ स्वरूपात मिळत असताना त्याचे चित्र काढीत बसण्यात अर्थ नाही.

साठवण

नक्कल हवी तेव्हा सापडली नाही, तर ती नसल्यासारखीच. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा; त्यापुढे प्रणालीचे नाव आणि विषय लिहावा. असे केल्याने संगणक फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. वर्षवार एक कप्पा करावा आणि महिन्यातून एकदा तो पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावा. शिक्षकाची बदली झाली तर हा संग्रह रजिस्टरांप्रमाणेच कार्यभाराच्या यादीत लिहून पुढील शिक्षकाच्या हाती द्यावा. तो शिक्षकाच्या खासगी मोबाईलबरोबर गावाबाहेर जाऊ नये.

व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलेली नक्कल आकाराने आक्रसते आणि बारीक देवनागरी अक्षरांच्या काना-मात्रा पुसट होतात. 'शिंदे' आणि 'शेंडे' यांतील भेद तेथे हरवतो. कार्यालयाकडे पाठवावयाची असल्यास ती 'डॉक्युमेंट' या पर्यायाने किंवा ई-मेलने पाठवावी.

पुराव्याची मर्यादा

पडद्याचे चित्र बदलता येते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी राखून ठेवावी. त्यावर रेघोट्या किंवा शेरे लिहावयाचे असल्यास ते दुसऱ्या प्रतीवर लिहावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात मांडताना त्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे. रोजच्या कार्यालयीन पत्रव्यवहारात अशी वेळ क्वचितच येते. परंतु नुसते चित्र म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हे त्यावरून ध्यानी यावे. ज्या दिवशी नक्कल घेतली, त्याच दिवशी शाळेच्या नोंदवहीत 'अमुक प्रणालीत माहिती भरली, नक्कल जतन केली' अशी एक ओळ लिहिली, तर कागद आणि पडदा एकमेकांस साक्ष देतात.

बालकांची माहिती

पूर्ण पानाची नक्कल हे दुधारी शस्त्र आहे. शिक्षकास स्वतःच्या कामाची एकच ओळ दाखवावयाची असते. पण पूर्ण पानात सर्व मुलांची नावे, जन्मतारखा, आईचे नाव, जात, अपंगत्व, आधार क्रमांक, पालकांचा दूरध्वनी, असे सारेच येऊन जाते. असे पान शंभर-दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर 'काम पूर्ण' म्हणून टाकले की ते पुढे कोठवर जाईल, यावर कोणाचाही ताबा राहत नाही. कोलाम पोडावरील किंवा बंजारा तांड्यावरील निरक्षर आईबापांनी ती माहिती शाळेस दिली, ती गुरुजींवरील विश्वासाने. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो आणि बालकांच्या माहितीस विशेष जपणूक सांगतो. परंतु कायदा नसता, तरी शिक्षकाचा धर्म तोच सांगता.

यास्तव पूर्ण नक्कल शाळेच्या संग्रहात राहावी आणि बाहेर पाठविताना केवळ आवश्यक तेवढा भाग कापून पाठवावा. नावे झाकावयाची असल्यास त्यांवर भरीव काळी चौकट टाकावी. मोबाईलमधील अर्धपारदर्शक रंगाने फिरविलेला हात पुरेसा नसतो. चित्राचा उजेड वाढविला की त्याखालील अक्षरे पुन्हा वाचता येतात. परवलीचा शब्द किंवा ओटीपी दिसत असलेल्या पानाची नक्कल तर कोणासही पाठवू नये.

समारोप

सारांश, पान पूर्ण उमटू द्यावे, ब्राउझरच्या रीतीने त्याची सबंध नक्कल घ्यावी, पत्ता व वेळ दाखविणारे दुसरे चित्र जोडावे, पहिले नाव, शेवटचे नाव आणि संख्या ताडावी, तारखेनुसार साठवावे, नोंदवहीत एक ओळ लिहावी, आणि मुलांची माहिती बाहेर जाऊ देऊ नये. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत ज्यास ही रीत येते, अशा एका शिक्षकाने शेजारच्या शाळेतील दोघांना ती प्रत्यक्ष करून दाखविली, तर वर्षाच्या आत ती सर्वदूर पोहोचेल.

पडद्यावरील तक्ता भरणे हे शिक्षकाचे मुख्य कार्य नव्हे. ते वर्गात, मुलांच्या संगतीत आहे. तथापि एकदा भरलेली माहिती पुन्हा भरण्यात आणि केलेले काम केले म्हणून सिद्ध करण्यात जे तास जातात, ते मुलांच्याच वाट्याचे असतात. पाच मिनिटांच्या नकलेने ते तास वाचत असतील, तर ती पाच मिनिटे अध्यापनातच जमा धरावीत.